गुडमार आणि तीन कप चहा

सकाळच्या पेठ गाडीत खिडकी मिळाली आणि मी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी खूश झाले. वय त्रेपन्न, वजन ब्याऐंशी किलो, पण उत्साह चौथीतला. कारण मात्र सहलीचं नव्हतं. महिन्याभरात साखर उतरली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि सुईचं नाव काढलं तरी माझे हातपाय गळतात. तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, पेठच्या डोंगरात गुडमार मिळतो. साखर पार मारून टाकतो." पंचवटीच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या सोनाबाई तिच्या ओळखीच्या. झालं, आम्ही दोघी निघालो.

सावळघाटात गाडी कण्हत चढत होती आणि मी दरीतली हिरवी भातखाचरं बघत मनातल्या मनात सुईला रामराम ठोकत होते.

सोनाबाई फाट्यावर उभ्याच होत्या. नागलीच्या (नाचणीच्या) शेताकडेनं अर्धा तास चढ. माझ्या छातीचा भाता झाला, तरी थांबले नाही. कुंपणावर चढलेला एक वेल दाखवून त्या म्हणाल्या, "हा बेडकीचा पाला, म्हंजे तुमचा गुडमार. चाव. लगेच गिळू नको."

चावला. कडू. मग त्यांनी कमरेच्या पुडीतली साखर तळहातावर दिली. तोंडात टाकली आणि मी चाटच पडले. साखर कुठली, वाळू! कणाकणाची कचकच, गोडाचा पत्ता नाही. मी पोरीसारखी हसत सुटले. इतकी वर्षं जिनं छळलं, ती माझ्या तोंडात मरून पडली होती.

सोनाबाईंच्या घरी आल्यावर त्यांनी चहा दिला. पहिला घोट घेतला, अगदी बिनसाखरेचा. किती समजूतदार माणसं, न सांगता कळलं यांना! मी दुसरा कप मागितला, मग तिसरा. नणंदेला गरम चहा चालत नाही, ती बशीत फुंकर मारत बसलेली. शेवटी एक घोट घेऊन ओरडली, "अगं वहिनी, पाक आहे हा!"

"पाहुणी आली, मग लय घातली साखर," सोनाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढलं. बोट टोचायचं काम नेहमीसारखं नणंदेनं केलं, मी डोळे मिटले. उघडले तर तीनशेच्या वर. राग आला, सोनाबाईंचा नव्हे, स्वतःचा.

"पाला जिभेला फसवतो, बाई," सोनाबाई शांतपणे म्हणाल्या. "रगताला नाय. मला पण हाय शुगर. पाला चावला का गोड खावंसं वाटत नाय, तेवढा त्याचा गुण. गोळी मी दवाखान्यातलीच घेते."

परतीच्या गाडीत नणंद ओशाळून खिडकीबाहेर बघत होती. मीच तिला चिमटा काढला, "साखर मेली नाही, पण तुझी वहिनी मरता मरता वाचली." दोघी हसलो. खरं सांगते, तो पाला मला अजूनही अद्भुत वाटतो. पण गोड लागलं नाही म्हणजे साखर पोटात गेली नाही, हे मीच ठरवलं होतं. भित्र्या माणसाला सोयीचं ते लगेच पटतं.

महिना भरायला अजून अठरा दिवस होते. दुसऱ्याच सकाळी मी दवाखान्यात जाऊन बसले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "काय, सुईची भीती गेली वाटतं?"

"नाही," मी म्हटलं, "तिच्यासकट आलेय. टोचा."