दोन इंजिनं आणि तात्यांचे कान

लाँचवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. लाँचच्या तळाशी पाणी साठतं तसे ते साठतात. कुठून झिरपतं ते सापडत नाही, पण उपसलं नाही की घोट्यापर्यंत येतं. घरी चार माणसं बसली, चहा आला, की मी उपसायला घेतो. बायको आतून म्हणते, "निघाली लाँच." निघू दे. त्यातले बरेचसे किस्से तात्या परबांचे असतात. लोक पोट धरून हसतात. मग मला त्यांचा राग येतो, आणि थोड्या वेळाने माझाही येतो, कारण सांगणारा मीच असतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आमची लाँच बंदरात नांगरलेल्या जहाजांवर माणसं आणि सामान पोचवायची. वर सुकाणूवर सारंग हिराजी, वरळी कोळीवाड्याचा. खाली इंजिनखोलीत ड्रायव्हर तात्या परब, लालबागच्या चाळीतले, मूळचे मालवणकडचे. आणि त्यांच्या हाताखाली मी, गिरगावचा, टेक्निकल शाळेतून नुकताच बाहेर पडलेला. शर्टाला इस्त्री असायची म्हणून हिराजी मला 'जावयबापू' म्हणायचा.

* * *

लाँचला दोन डिझेल इंजिनं होती, एक डावं, एक उजवं. तात्या त्यांना जावा म्हणायचे. एक तापली की दुसरी कुरकुरायची, आणि दोघींना एका चालीवर ठेवणं हे आमचं मुख्य काम. दोन्हींच्या वेगात जरा फरक पडला की सगळी लाँच घुमायला लागते. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. वेग जुळला की घुमणं थांबतं आणि दोन्हींचा मिळून एकच आवाज होतो.

मी कान देऊन जुळवायचो. तात्या एक तळवा या इंजिनवर, दुसरा त्या इंजिनवर ठेवून डोळे मिटायचे आणि मला मानेनेच खुणावायचे, उजवं कमी कर, अजून थोडं, बस. मला वाटायचं, वा, काय हात आहे माणसाचा!

हात होताच. पण कान नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

* * *

कळलं ते स्क्रूड्रायव्हरवरून. इंजिनमधली खडखड नक्की कुठल्या नोझलची आहे हे शोधायला आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचो आणि त्याची मूठ कानाला लावायचो. आतलं सगळं कानात येतं. तात्या मूठ कानाला न लावता दातात धरायचे.

ही कसबी लोकांची रीत असेल असं समजून मीही आठवडाभर दातात धरली. तोंडाला डिझेलची चव, हिरड्या ठणकायला लागल्या, आणि समजलं काहीच नाही. शेवटी मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं, की तात्या, कानाला का नाही लावत?

तात्यांनी मूठ तोंडातून काढली, पुसली.

"कान कंपनीक दिले," ते म्हणाले. "दात अजून माझे आसत."

त्या बंद खोलीत दोन इंजिनांच्या मध्ये त्यांचं सगळं वय गेलं होतं. त्यांना माणूस समोर असला तर ओठ बघून कळायचं, पाठीमागून हाक मारली तर नाही. ही गोष्ट ऑफिसात कळली असती तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. आणि नोकरी जाऊन चालणार नव्हतं. मुलगा वसंता गिरणीत होता, तो सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात बसला होता. खोलीत सून आणि दोन लहान पोरं. चूल पेटायची ती एकट्या तात्यांवर.

मी हिराजीला सांगितलं. हिराजी म्हणाला, आपल्याला वर्षभरापासून ठाऊक आहे.

* * *

अडचण होती घंटेची. सारंग वरून दोरी ओढतो, खाली घंटा वाजते. एक म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. इंजिनखोलीतून बाहेरचं काही दिसत नाही, सगळा कारभार घंटेवर. मी शेजारी असलो तर ठीक. पण एकदा मी पाण्याची गाळणी, म्हणजे इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी जिच्यातून आत येतं ती, साफ करायला खाली वाकलो होतो, वरून तीन घंटा आल्या, आणि तात्यांनी लाँच तशीच पुढे नेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर घातली. एका बड्या साहेबाचा डबा पाण्यात पडला. हिराजीने दोष भरतीच्या ओढीवर ढकलला आणि वर साहेबाची बोलणी खाल्ली.

त्यानंतर हिराजीने मासे पकडायची पातळ दोरी आणली. एक टोक त्याच्या हातात, दुसरं खाली तात्यांच्या मनगटाला. घंटेबरोबर दोरीलाही तितकेच हिसके. झकास चाललं होतं. मग हिराजी एका संध्याकाळी परळला सभेला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी भर बंदरात, सुकाणूवर उभं राहून, खलाशांना वक्त्याचं भाषण करून दाखवायला लागला. हातवाऱ्यांसकट.

मी खाली. घंटा एकही नाही. तात्यांनी इंजिनं थांबवली. पुढे घातली. पुन्हा थांबवली. मागे घेतली. एकदा माझ्याकडे बघून ते चिंतेने म्हणाले, की वर काय तरी मोठी अडचण दिसते. "मुंबई आमच्या हक्काची" या वाक्याला लाँच पूर्ण वेगाने मागे गेली.

* * *

बहिऱ्या माणसाची एक खोड असते. कळलं नाही की तो मान डोलावतो. दर वेळी "काय? काय?" विचारायची लाज वाटते. या मान डोलावण्यापायी एकदा तात्यांनी डाव्या इंजिनचा पंप उजव्याला बसवला. आमची दोन्ही इंजिनं उलटसुलट फिरणारी, आरशात बघितल्यासारखी, एकीचा पंप दुसरीला चालत नाही. मी विसरून पाठीमागूनच ओरडलो होतो, की तात्या, हा हिचाच ना? त्यांनी मान डोलावली. पाणी उलटं ओढलं गेलं, इंजिन तापून लाल झालं. ते दुरुस्त करता आलं.

दुसऱ्यांदा आलं नाही.

शहरात दंगल पेटली होती. पोलिसांची एक तुकडी पलीकडच्या किनाऱ्यावर पोचवायचा हुकूम आमच्या लाँचला मिळाला. हिराजी धक्क्यावर थुंकला आणि चढला. अर्ध्या वाटेत उजवं इंजिन तापलं, बंद करावं लागलं. एकाच इंजिनवर लाँच खेकड्यासारखी तिरकी जायला लागली. मी गाळणी उघडायला घेतली, तेवढ्यात इन्स्पेक्टर खाली उतरला. डावं इंजिन चालूच होतं, इन्स्पेक्टरच्या तोंडावर अंधार, ओठ दिसत नव्हते.

त्याने तात्यांना विचारलं, मुद्दाम बंद केलंस?

तात्यांनी मान डोलावली.

कुणाच्या सांगण्यावरून?

तात्यांनी पुन्हा नम्रपणे मान डोलावली.

त्याने तात्यांच्या कानाखाली वाजवली. तात्या डाव्या इंजिनवर आपटले. मी गाळणीत हात घालून कुजक्या गोणपाटाचा लगदा बाहेर काढला आणि त्याच्या समोर धरला, की साहेब, हे अडकलं होतं, समुद्रात कायकाय तरंगत असतं. त्याने लगदा पाहिला, माझी इस्त्री पाहिली आणि वर निघून गेला.

तात्या म्हणाले, "ह्या कानात आता सारखी शिट्टी वाजता रे." आधी थोडं तरी त्या बाजूने येत होतं.

* * *

तक्रार ऑफिसात पोचली. साहेबाने तात्यांना बोलावून समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. तुझा मुलगा तुरुंगात आहे. इंजिन मुद्दाम बंद केलंस का विचारल्यावर तू मान डोलावलीस. मुद्दाम केलं असशील तर पोलीस बघतील. प्रश्न ऐकू आला नसेल तर बहिरा ड्रायव्हर मला नको. डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, कान ठीक आहेत असं, म्हणजे मी ते इंजिनच्या आवाजावर ढकलीन.

डॉक्टर कंपनीचेच, गिरगावात दवाखाना. आम्ही तयारी केली. डॉक्टर मागून आकडे कुजबुजतात असं हिराजी ऐकून आला होता. म्हणून मी समोर उभं राहून छत्रीच्या मुठीवर बोटांनी आकडा दाखवायचा. इंजिनखोलीत बसून तालीम केली. तात्या एकदाही चुकले नाहीत.

नेमलेल्या दिवशी सकाळीच दुकानं बंद होती. रस्त्यावर काचा आणि दगड. मी म्हटलं, उद्या जाऊ. तात्या म्हणाले, साहेबाने आजची मुदत दिलीय, उद्या नोकरी आसात की नाय कोणाक म्हायत. आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून गेलो.

डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर. रस्त्याकडची खिडकी उघडीच होती. त्यांनी तात्यांना समोर बसवून समजावलं, की आता भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मी मागे वाजवीन, किती वेळा वाजलं ते सांगायचं. तात्यांनी नीट ओठ बघून होकार दिला. मग डॉक्टरांनी मला हाताला धरून टेबलाच्या अलीकडे, तात्यांच्या पाठीमागे आणून उभं केलं.

छत्री माझ्या हातात तशीच राहिली.

डॉक्टरांनी पेन्सिल घेऊन ट्रेवर दोनदा वाजवली. तात्या गप्प. मग तीनदा, जरा जोरात. तात्या भिंतीकडे बघत उभे, सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली. दोन्ही हात पुढे भिंतीवर टेकलेले, इंजिनवर टेकायचे तसे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली आणि पेन्सिल ठेवून लिहायला टाक उचलला.

तेव्हा खाली रस्त्यावर गोळीबार झाला, लागोपाठ चार बार.

खिडकीची काच खळकन आत आली. कंपाउंडर जमिनीवर आडवा झाला. मी आणि डॉक्टर टेबलाखाली, एकमेकांच्या अंगावर. आवाज थांबले. खाली कुणीतरी ओरडत होतं, मग तेही थांबलं.

तात्या जागचे हलले नव्हते. भिंतीकडेच तोंड करून ते आदबीने म्हणाले, "बारीक वाजवलात डॉक्टर, पण आला ऐकू. चार."

डॉक्टरांनी टेबलाखालूनच माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले.