कमरेएवढ्या उंचीवरची कणसं

समोर भाड्याने राहणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती पायरीवर बसून दुधाची वाटी चमच्याने वाजवायची, आणि तिची पिवळी मांजर माझ्या बागेतून उडी मारून तिच्याकडे पळायची.

चिमण्यांसाठी मी दादर ज्वारीच्या कणसांचा झुबका जास्वंदीला टांगला होता. खुर्चीतून दिसावा म्हणून कमरेएवढाच उंच. एका सकाळी खाली पिसं पडलेली दिसली. मी बाईला हाक मारली. तिने कणसांपाशी तळहात आडवा धरून उंची पाहिली आणि हसली, "नाना, ताट तुम्हीच खाले मांडेल शे. मांजरनी काय चूक?"

ते हसू मला झोंबलं. मेहरूणच्या आमच्या कॉलनीत मी सगळ्यांना तिच्याविरुद्ध उठवलं. शेवटी तिने मांजर सोनगीरला भावाकडे पाठवली.

काही दिवसांतच त्याच जास्वंदीत एक बोका दबा धरून बसला. मग मी गुपचूप झुबका झुडपापासून लांब, उंच तारेवर टांगला. आता चिमण्यांचा कलकलाट असतो. "नाना, मांजर गेली आणि बाग भरली," असं शेजारी म्हणतात. तसं नाही. झुबका हलवला म्हणून बाग भरली, हे आज लिहून ठेवतो.

पण लिहून चैन पडत नाही. संध्याकाळी मी फाटकापर्यंत जातो, तसाच परत येतो. पलीकडे ती सवयीने वाटी वाजवते, आणि माझ्या सगळ्या चिमण्या भुर्रकन उडून जातात.