चार खेपा

“तुम्ही या जाऊन. मी आहे खाली.”

कुठेही चढायची वेळ आली की ताईंचं हे वाक्य ठरलेलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, जत्रेतल्या पाळण्यात न बसता सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणारं. ताई त्यांतल्या अट्टल.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. नवऱ्याच्या नोकरीमागून दोघी इथे आलो, ताई नाशिकच्या, मी पुण्याची. इथल्या घरांतले जिने शिडीला लाजवतील असे उभे. ताई स्वतःच्या घरातला जिनासुद्धा बसून, एकेक पायरी सरकत उतरत. “हसू नकोस. पडले तर तुझ्याच दारात येईन खिचडी मागायला,” म्हणत.

त्या एप्रिलात नाशिकला त्यांच्या धाकट्या भावाला करोना झाला आणि त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. विमानं बंद. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी होतं. फोन वाजला की उचलायची भीती, न उचलायचीही भीती.

एका सकाळी ताई सायकल घेऊन दारात. “चल. टॉवरवर जायचंय.”

जंगलात वाळूच्या टेकाडावर एक जुना लोखंडी टॉवर आहे. वणवा दिसावा म्हणून पूर्वी वर माणूस बसायचा, आता हौशी लोक चढतात. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

“वणीच्या देवीला बोललेय,” त्या म्हणाल्या. “तो उठू दे, अनवाणी गड चढेन.”

“पण ताई, नवस काम झाल्यावर फेडतात ना?”

“तेवढा वेळ आहे का त्याच्याकडे?”

गडाच्या पायऱ्या पाचशेच्या घरात, टॉवरच्या एकशे तेवीस. म्हणजे चार खेपा. वरच्या आठ-दहांसाठी देवी अडून बसणार नाही, असा त्यांचा हिशेब.

पायथ्याशी पाटी होती, एका वेळी एकाच घरातल्यांनी चढावं. मी म्हटलं, कोण बघतंय, येते मी. “नको. नियम मोडून केलेलं लागू पडत नाही,” त्या म्हणाल्या. चपला काढल्या, फोन माझ्या हातात दिला. “चार होईपर्यंत उचलायचा नाही. मला सांगायचंही नाही.”

जिना जाळीचा. पावलाखाली सरळ जमीन दिसते. दोन्ही हातांनी कठडा धरून, मोठ्याने मोजत त्या चढू लागल्या. वाऱ्याने टॉवर हलायचा तेव्हा मोजणं थांबायचं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत शेवटचा आकडा मी मनात धरून ठेवायचे.

कुत्रा घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, बाईंचे बूट हरवलेत का? मोडक्या डचमध्ये मी सांगितलं, त्यांचा भाऊ आजारी आहे. त्याने कुत्र्याला बसवलं आणि दीड मीटर अंतर राखून माझ्यासारखाच वर बघत उभा राहिला.

तिसऱ्या खेपेला ताई अगदी वर असताना फोन वाजला. पडद्यावर ‘वहिनी नाशिक’. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. फोन माझ्या हातातून वाळूत पडला. मी तो उचलून पुसला, पण कॉल घेतला नाही. मनात मी त्यांच्या भावाला मारून मोकळी झाले होते, आणि आता हे यांना कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

ताई उतरल्या. ओठ पांढरे पडलेले. “वाजला का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, वळल्या आणि पुन्हा म्हणाल्या, “एक.”

चौथी खेप झाल्यावर त्यांनी स्वतःच फोन लावला. पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. “अहो, होतात कुठे? आज मास्क काढून दोन चमचे पेज खाल्ली त्यांनी!”

ताई वाळूत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. तळपायांवर जाळीचे चौकोन लालभडक उमटले होते. “वाजला होता ना?” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “वरपर्यंत ऐकू आला मला.”

त्याच वर्षी दिवाळीआधी त्या नाशिकला परत गेल्या, कायमच्या. पुढे गडावरून भावाचा फोटो आला, मागे पायऱ्या, घामाघूम, हसरा. तुम्ही कुठे आहात, मी ताईंना विचारलं. उत्तर आलं, “मी आहे खाली. माझं झालंय चढून.”

त्या हिवाळ्यात पुण्यात माझ्या आईला दवाखान्यात हलवलं. तिकीट चार दिवसांनंतरचं. मी सायकल काढली आणि टॉवरपाशी आले. कुठल्या देवीला काय बोलायचं तेही ठरवलेलं नव्हतं. बूट काढले, मोजे काढले. लोखंड बर्फासारखं गार होतं.

मग लक्षात आलं, फोन द्यायला खाली कुणीच नाही.

तो बुटात ठेवला, कठडा धरला आणि मोठ्याने म्हटलं, “एक.”