मोठ्या आईला ऐकू आलेलं कोकरू

असल्या गोष्टी कोणी सांगू लागलं, की मी मोबाईलमध्ये डोकं घालायचो. बीएस्सी झालेला माणूस मी, मला सगळ्याचं कारण लागतं. पण हे मी दहा पावलांवरून पाहिलंय...

मोहाडी तालुक्यात, तलावाच्या पाळीला लागून माझ्या मोठ्या आईचं शेत आहे. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. एकटीच राहते, वीस-बावीस मेंढ्या पाळते. बारा वर्षांपूर्वी तापात तिचे दोन्ही कान गेले. ओठ पाहून तिला बोलणं समजतं.

गेल्या हिवाळ्यात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, मी गेलो होतो ते 'मेंढ्या विकून टाक' हेच सांगायला. अडलेली मेंढी ओरडली तर हिला कळणार कसं? त्यात एक गाभण मेंढी सकाळपासून दिसत नव्हती. कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आम्ही दुपारपर्यंत पालथी घातली. शेवटी मोठी आई दमून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली.

मी समोर बसून सावकाश म्हटलं, "मोठी आई, आता पुरे झालं..."

तिनं एकदम मान वळवली. "चूप रे! पिल्लू वरडून राहिलं."

"कुठं? मले तं काहीच ऐकू नाही येत!"

ती माझ्याकडे पाहतच नव्हती. उठली, आणि तलावाच्या मागच्या अंगाला बेशरमच्या झुडपांत सरळ शिरली. मी मागे धावलो—आणि थबकलो.

मेंढी थकून आडवी पडलेली. एक कोकरू तिच्या पोटाशी. दुसरं गाळात नाकापर्यंत रुतलेलं, तोंडात चिखल... त्याचा आवाज निघणंच शक्य नव्हतं.

मोठ्या आईनं बोटानं चिखल काढला, मागचे पाय धरून त्याला झुलवलं, पदरानं खसाखसा पुसलं. काहीच नाही. ती पुसतच राहिली. मग एक शिंक—आणि बारीक, चिरका आवाज!

मी ऐकला. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "वरडलं का?"

मी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला तिचे कान तपासले. डॉक्टर म्हणाले, "यांना काहीही ऐकू येत नाही." मग त्या दुपारी काय झालं? मला आजही सांगता येत नाही. मोठ्या आईला विचारलं तर म्हणते, "आलं ना मले ऐकू? तू कायले डोकं खपवून राहिला?"

ते कोकरू आता मोठी मेंढी झालंय, पहिल्यांदाच गाभण आहे. तिच्या विण्याच्या वेळेला तिथं असावं म्हणून मी आठ दिवसांची सुट्टी टाकलीय.