पत्रं जाण्याआधीचा शनिवार

नेपरव्हिलला आलो त्या वर्षी आम्हाला कोणी गाडी विकायला तयार नव्हतं. नवरा पुण्याच्या ऑफिसमधून इकडे आलेला, मी त्याच्या मागोमाग नागपूरहून. अमेरिकेत येऊन जेमतेम महिना झालेला, त्यामुळे आमच्या नावावर कर्जफेडीचा कुठलाच इतिहास नव्हता. दोन शोरूमनी "सहा महिन्यांनी या" असं हसतमुखाने सांगून बाहेरची वाट दाखवली. तिसरं शोरूम पश्चिमेला, अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात होतं. तिथे एकाच ब्रँडच्या गाड्या मिळायच्या. मालक तिथलेच, साठीच्या पुढचे. धंदा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. त्यांनी नवऱ्याचं ऑफर लेटर दोनदा वाचलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रंग कोणता हवाय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना 'गाडीवाले काका' हे नाव पडलं. ते त्यांना कधीच कळलं नाही.

मला तोवर फक्त स्कूटी येत होती. इथे येऊन गाडी शिकले, लायसन्सही काढलं, पण पहिला बर्फ पडला तेव्हा मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढेना. सर्व्हिसिंगला नवरा एकटाच गेला आणि त्याने हे काकांना सांगितलं. पुढच्या शनिवारी काकांनी मला बोलावून घेतलं. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेतला बर्फ त्यांनी मुद्दाम काढला नव्हता. शेजारी बसून म्हणाले, "आता वेग घे आणि जोरात ब्रेक मार." मी मारला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, घाबरून मी पाय काढला आणि गाडी तिरकी होऊन थांबली. "पाय काढायचा नाही. थरथरतं म्हणजे ब्रेक त्याचं काम करतोय. तू तुझं कर." तासभर आम्ही तेच केलं.

पुढे मला स्वतःचा, कामाचा व्हिसा मिळाला आणि एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे मी कॉन्ट्रॅक्टवर लागले. काम होतं याच ब्रँडच्या मूळ कंपनीच्या ऑफिसात, डीलर लोकांची माहिती ठेवणाऱ्या सिस्टिमवर. कोणत्या गावात कोण डीलर, त्याचा करार कधीपर्यंत, सर्व्हिसचं काम कोण करतं, असं सगळं त्यात असायचं. नोकरी लागल्याचं सांगायला गेले तर काका खूश झाले. "म्हणजे आता माझा माणूस आत बसलाय," असं त्यांनी तिथल्या मेकॅनिकला सांगितलं.

मग कंपनीचे दिवस फिरले. विक्री पडली, सरकारकडे मदत मागायची वेळ आली, टीव्हीवर रोज तीच चर्चा. कंपनी काही ब्रँड ठेवणार, बाकीचे विकणार किंवा बंद करणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. काकांचा ब्रँड विकत घ्यायला कोणीतरी पुढे आलंय अशी बातमी होती, आणि काकांचा तिच्यावर पूर्ण भरवसा होता.

एका शुक्रवारी आमच्या मॅनेजरने मला आणि आणखी दोघांना खोलीत बोलावलं. आधी एका कागदावर सह्या घेतल्या : इथलं बाहेर बोलायचं नाही. मग मला म्हणाली, "ब्रँड घेणारा बायर मागे हटला. ब्रँड बंद होतोय. त्याच्या सगळ्या डीलर्सची लिस्ट काढ, पत्ते चेक कर आणि पत्रं प्रिंटला पाठव. बुधवारी जातील." तिच्या आवाजात काहीच नव्हतं. तिलाही ते सकाळीच कळलं होतं.

यादी काढायला मला पंधरा मिनिटं लागली. काकांचं गाव मधेच कुठेतरी होतं. पत्त्यात एक चूक होती, रस्त्याच्या नावापुढचं 'वेस्ट' गळलं होतं. मी ते दुरुस्त केलं. तेवढं तरी नीट व्हावं असं वाटलं. हे आज सांगताना विचित्र वाटतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ऑइल बदलायची अपॉइंटमेंट आधीपासून घेतलेली होती. "कॅन्सल कर ना," नवरा म्हणाला. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त डोकं दुखतंय म्हटलं होतं. तरी गेले. घरी बसून राहणं जास्त अवघड वाटलं असावं.

काकांनी मला कॉफी दिली आणि टेबलावर एक चित्र पसरलं. शोरूमला नवीन छप्पर आणि वर ब्रँडचा नवा, मोठा बोर्ड. "नवा मालक आला की त्याला जागा बघायची असेल. गळकं छप्पर दाखवून कसं चालेल? सोमवारी काँट्रॅक्टरशी सही करतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत काय म्हणतात गं?"

मी म्हटलं, "आम्हाला कोण काय सांगतं?"

हे खोटं होतं. सही केली होती, माझा व्हिसा त्या कामावर होता, तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसातही माणसं कमी झाली होती. ही सगळी कारणं खरी होती आणि ती सगळी मला त्या क्षणी आठवली. पण "छपराचं जरा थांबा ना" एवढंही मी म्हटलं नाही. तेवढं म्हणता आलं असतं. कॉफी संपवली, गाडी घेतली आणि घरी आले. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, मी असतो तर मीही नसतं सांगितलं." त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. वाटलं नाही.

पत्रं गेली. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी काकांकडे गेले. या वेळी गाडीचं काही काम नव्हतं. छपराच्या कडेला शिड्या लागलेल्या होत्या. काका ऑफिसात एकटेच बसले होते. त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"वाच. खाली सही आहे, पण कोणाची ते कळत नाही."

"हे मी पाठवलंय," मी म्हटलं. "लिहिलं मी नाही. पण यादी मी काढली, छापायला मी दिलं."

"कधी?"

"तुम्ही मला चित्र दाखवलंत, त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांनी पत्राची घडी घातली, मग परत उलगडली. "त्या दिवशी तू इथे बसून कॉफी प्यायलीस."

"हो."

"बरं," ते म्हणाले. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ते उठले आणि बाहेर शिडीवरच्या माणसांशी बोलायला गेले. मी थोडा वेळ थांबले, ते परत आत आले नाहीत.

त्यानंतर सर्व्हिसिंगला नवरा जायचा. "काका विचारतात का माझं?" मी विचारायचे. "नाही," तो सरळ सांगायचा.

यादीचं काम संपलं तसं माझं कॉन्ट्रॅक्टही संपलं. नशिबाने महिन्याभरात एका हॉस्पिटलच्या सिस्टिमवर काम मिळालं, व्हिसा तिकडे गेला. शोरूममधल्या उरलेल्या गाड्या हळूहळू विकल्या गेल्या. नवी यायची नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये काकांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तू अजून त्यांच्याकडे आहेस?"

"नाही. सोडलं."

"मग मदत करशील? कंपनीला अजून बरीच वर्षं पार्ट्स पुरवायचे आहेत म्हणे. पण डीलर म्हणून माझा पासवर्ड बंद झालाय. बाहेरच्या गॅरेजसाठी वेगळी वेबसाइट आहे, त्यावर मला काही सापडत नाही. मला हे रिपेअरचं दुकान म्हणून चालवायचंय."

त्या शनिवारी मी गेले, आणि पुढचे पाच-सहा शनिवार जात राहिले. वेबसाइट सगळ्यांसाठी खुली होती, फक्त ती कोणी वापरू नये अशा बेताने बनवल्यासारखी होती. जुना नंबर टाकला तर "उपलब्ध नाही" यायचं. तोच पार्ट त्याच कंपनीच्या दुसऱ्या ब्रँडच्या गाडीत असायचा, वेगळ्या नंबराने. कुठला नंबर कुठल्या नंबराला लागतो ते आम्ही एका वहीत लिहून काढलं. मी वाचायचे, ते लिहायचे. मेकॅनिक मधूनच येऊन "तो नाही बसत, भोक अर्धा इंच खाली आहे" असं सांगून जायचा. छपराचं चित्र दाखवलं त्या शनिवारबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला न विचारता कॉफी आणून ठेवली आणि वॉटर पंपचा नंबर विचारला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या आयोवा राज्यातून एक बाई त्याच ब्रँडची गाडी घेऊन आली. तीन तास चालवत आली होती. तिच्या गावातला डीलर बंद झाला होता, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याने "या गाडीचं आता काही होणार नाही" असं सांगितलं होतं. काकांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घालून ऐकलं आणि मला हाक मारली, "वही आण गं."