फक्त आकडे टाका

किनवटच्या वसतिगृहाचे कारकून मामा प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत एका बोटाने टाइप करतात. प्रवेशअर्जाचा प्रोग्राम माझा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एका मुलीच्या बापाचा मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकला. प्रोग्राम ऐटीत म्हणाला, ‘फक्त आकडे टाका.’ मी शहाण्याने त्याला इंग्रजीच आकडे शिकवले होते.

“इंग्रजीत टाका, मामा.”

“मग बाप तपासंल कसा? त्याला हेच वाचता येतात. अन् हे आकडे न्हाईत तर वांगी हायत का?”

‘उद्या बघतो’ म्हणालो, तर त्यांनी माझ्या गाडीची किल्ली खिशात घातली. “पोरीचा अर्ज गेला की जावा.”

दुरुस्ती एका ओळीची निघाली. शेजारी उभ्या बापाने पडद्यावर बोट ठेवून नंबर वाचला. “मामा, हे पाच न्हाई, सहा हाय.”

मामांनी पाचाचा सहा केला, अर्ज पाठवला आणि किल्ली माझ्यापुढे सरकवली.