शिवरात्रीचं गुलाबी मीठ

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेला, उंचावरच्या एका पोस्टवर होती. माझा ट्रेड कूकचा. बंदूक आम्हीही चालवतो, पण जवान आम्हाला शिव्या देतात त्या डाळीवरून, नेमबाजीवरून नाही. तिथं थंडीत रस्ता बंद होतो. त्याआधी मांस मुरवायचं, धुरी द्यायची आणि टांगून ठेवायचं. हे काम मला हवालदार तामांग यांनी शिकवलं. ते डोंगराकडचे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो.

या कामाला वेगळं मीठ लागतं. साध्या मिठात थोडं नायट्राइट मिसळलेलं असतं, त्यानं मांसात विषारी जंतू वाढत नाहीत. पण जास्त झालं की ते मीठच विष होतं; रक्तात प्राणवायू टिकत नाही आणि ओठ निळे पडतात, असं उस्ताद सांगायचे. आमच्याकडच्या मिठाचं प्रमाण किलोभर मांसाला अडीच ग्रॅम, आणि उस्ताद ते छोट्या काट्यावर तोलूनच घ्यायचे. मी एकदा चिमटीनं घ्यायला गेलो.

"हाथ पीछे," ते म्हणाले. तेवढंच. त्यानंतर मी काटा सोडला नाही.

त्याच हिवाळ्यात विरळ हवेनं उस्तादांच्या फुप्फुसांत पाणी भरलं. ओठ निळे पडले. रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं. "वेदर क्लिअर नहीं. वेट करो. ओव्हर." आम्ही वाट पाहिली. आभाळ उघडलं तेव्हा उस्ताद नव्हते. मी त्यांच्या उशाशी बसून होतो आणि मला काहीच करता आलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

निवृत्त होऊन मी गावी, धनजला आलो. दादाची शेती, माझ्या शेळ्या. थंडीत बोकडाचं मांस मुरवायचं वेड काही सुटलं नाही. आमच्या घरी मटण सगळ्यांना आवडतं, पण स्वयंपाकघरात त्याला मज्जाव. चूल वेगळी, भांडी वेगळी, फ्रिज वेगळा, सगळं मागच्या शेडमध्ये. वहिनीचा हा कायदा मिलिटरीपेक्षा कडक. माझं मीठही तिथंच, ट्रंकेत, कुलूप लावून.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी नव्या शेळ्या बघायला रिसोडला गेलो होतो. माझ्या मागं कुरिअरनं मिठाचं नवं पाकीट आलं. वहिनीनं ते उघडलं. आत गुलाबी मीठ, वर सगळं इंग्रजी. दुसऱ्या दिवशी उपास. आपल्याकडं गुलाबी मीठ म्हणजे सैंधव. भाऊजींनी आठवणीनं उपासाचं मीठ मागवलं, असं समजून तिनं ते बरणीत ओतलं आणि शिवरात्रीला भगर आणि दाण्याची आमटी त्याच मिठात केली. कारखानेवाले या मिठाला गुलाबी रंग देतात तो लोकांनी ते साधं समजून खाऊ नये म्हणून. आमच्या घरात त्या रंगानंच घात केला.

शिवरात्रीच्या दुपारी मी परत आलो तेव्हा दादा ओट्यावर डोकं धरून बसला होता. शेतात पाणी द्यायला जायचं म्हणून त्यानं एकट्यानंच आधी जेवून घेतलं होतं.

"गज्या, चक्कर येऊन राह्यली रे. दमही लागते. पित्त झालं असन."

मी त्याचे ओठ पाहिले. निळे. नखंही निळी. सपाटीवरच्या धडधाकट माणसाचे ओठ असे होत नाहीत. मी स्वयंपाकघरात शिरलो. वहिनी आणि पुतणी नुकत्याच ताटावर बसल्या होत्या.

"वहिनी, मीठ कोणतं घातलं?"

"तुमी मागवलं थेच. उपासाचं. काहून?"

"खाली ठेवा घास! कोणी काही खाऊ नका!"

परेड ग्राउंडवरचा आवाज होता तो. दोघींचे हात जागीच थांबले. कचऱ्यातून पाकीट काढलं. माझंच मीठ.

शेजाऱ्याची जीप निघाली. दादाला मागं वहिनीला टेकवून बसवलं आणि मी कारंज्याच्या दवाखान्यात फोन लावला.

"पेशंट एक. पुरुष, वय पन्नाशीपुढं. मांस मुरवायच्या मिठातून पोटात सोडियम नायट्राइट गेलंय. ओठ निळे, दम लागतोय, शुद्धीवर आहे. ओव्हर."

पलीकडच्या डॉक्टरबाई शांत होत्या. "ओव्हर राहू द्या. पाकीट सोबत आणा. उलटी करवू नका. मी इंजेक्शन काढून ठेवते."

वाटेत दादानं विचारलं, "मरतो काय रे मी?"

"तशी ऑर्डर नाही."

तो हसला. मग त्याचे डोळे मिटायला लागले. मी त्याला बोलतं ठेवलं. लहानपणी त्यानं मला विहिरीत ढकललं होतं, त्यावरून भांडण उकरून काढलं. तो तशातही कबूल होईना.

डॉक्टरबाईंनी रक्त काढलं. चॉकलेटसारखं तपकिरी. ऑक्सिजन लावूनही ओठ तसेच. मग त्यांनी गडद निळं औषध हळूहळू शिरेत सोडलं. वहिनी पुटपुटत होती, "म्या मारलं त्यायले, म्या मारलं." मी फक्त दादाच्या ओठांकडं पाहत होतो. यावेळी वाट पाहण्यात अर्थ होता.

आधी कान उजळले. मग ओठ.

"भाऊजी, लाल झाले! लाल झाले पाहा!"

मी अशी आरोळी ठोकली की नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. बाहेर जाऊन मी पुन्हा ओरडलो. जिंकलो होतो आम्ही!

दुसऱ्या दिवशी दादाची लघवी हिरवी-निळी झाली. त्यानं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. औषधाचा रंग आहे हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा गडी शांत झाला.

घरी आल्यावर मी उरलेलं मीठ डब्यात भरून ट्रंकेत ठेवलं आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत वहिनीकडून लिहून घेतलं, "विष. खायचं मीठ नाही." तिचं अक्षर छान आहे. तिची चूक कोणीही काढली नाही.

दादानं मात्र मला धरलं. "तुले कसं समजलं रे?"

मी उस्तादांबद्दल सांगितलं. मीठ, काटा, निळे ओठ, न आलेलं हेलिकॉप्टर. घरात हे मी कधी बोललोच नव्हतो. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्यायच्या घरी फोन लाव."

मी लावला. उस्तादांच्या बायकोनं उचलला. दादानं त्याच्या वऱ्हाडी हिंदीत सुरुवात केली. "भाभीजी, मैं गजानन का बडा भाई. आपके आदमीने मेरेकू बचाया."

 भाभी म्हणाल्या, "भाईसाहब, एक बार फिर बोलिए. उनकी माँ बैठी हैं, फोन उनके कान से लगाती हूँ."

दादा खाटेवरून उठला. अजून अशक्त होता, भिंतीला धरून उभा राहिला.

"माताजी," तो मोठ्यानं म्हणाला, "आपके लडकेने मेरेकू बचाया."

मी त्याच्या शेजारी सावधान उभा होतो.